ठाण्यात बसून आम्स्टेलवेनमध्ये भाड्याचे घर ठरवताना

ॲम्स्टरडॅममध्ये नोकरी लागलेली अनेक भारतीय कुटुंबे घर शोधताना आम्स्टेलवेनकडे वळतात. ॲम्स्टरडॅमच्या दक्षिणेला खेटून असलेल्या, पण स्वतंत्र नगरपालिका असलेल्या या सुखवस्तू शहरातच केएलएम या डच विमान कंपनीचे मुख्यालय आहे आणि ॲम्स्टरडॅमसे बोस या विस्तीर्ण वनोद्यानाचा बराचसा भागही याच हद्दीत येतो.

घर पाहण्याआधी जाहिरातीतला एक शब्द पाहावा. माझ्या भाच्याने घोडबंदर रोडवरच्या घरी बसून व्हिडिओवर एक घर पाहिले आणि बेताचे भाडे ऐकून तो हरखला. जाहिरातीत ‘काल’ असे लिहिले होते. हा आपला ‘काल’ नव्हे. डचमध्ये त्याचा अर्थ बोडके असा होतो, आणि घरही अक्षरशः तसेच असते: पायाखाली नुसता कोबा, छतातून लोंबणाऱ्या वायरी, खिडक्यांना पडदे नाहीत. फ्लोअरिंग भाडेकरूने स्वखर्चाने बसवायचे आणि पुष्कळदा घर सोडताना उचकटूनही न्यायचे. आपल्याकडे पंखे, ट्यूबलाइट आणि एखादे कपाट असले की घर ‘सेमी-फर्निश्ड’ ठरते. त्याच्या जवळपास जाणारा तिथला शब्द ‘खेस्तोफेर्त’, म्हणजे फ्लोअरिंग आणि पडदे असलेले घर. नवख्याने तेच घ्यावे.

त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल, हे घरमालकाकडून लेखी घ्यावे. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने पोहोचल्यापासून ५ दिवसांत ही नोंदणी करायची असते आणि पगार, बँक, विमा या सगळ्यांसाठी लागणारा बीएसएन हा वैयक्तिक ओळख क्रमांक तिच्यातूनच मिळतो. त्यामुळे नोंदणीला नकार असेल, तर घर कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक मागता येत नाही. अकरा महिन्यांच्या कराराची सवय विसरावी, कारण १ जुलै २०२४ पासून तिथे बेमुदत करार हाच सर्वसाधारण नियम आहे.

आपण घराचे अंतर स्टेशनपासून मोजतो. आम्स्टेलवेनला रेल्वे स्टेशनच नाही, म्हणून ते ॲम्स्टरडॅम झाउद स्टेशनकडे जाणाऱ्या ५ किंवा २५ क्रमांकाच्या ट्रामच्या थांब्यापासून मोजावे.

राहता राहिला विमानांचा आवाज. स्किपोल विमानतळ शेजारीच असल्याने, घर दाखवणाऱ्याला खिडकी उघडून पाच मिनिटे गप्प उभे राहायला सांगावे. मात्र वाऱ्याप्रमाणे वापरातली धावपट्टी बदलत असल्यामुळे हीच परीक्षा आणखी एखाद्या दिवशी पुन्हा घ्यावी.