कॉलेजात जुन्या काळातला फार्स बसवताय? या चुका टाळा

पहिल्या वाचनाला पोरं लोळून हसतात आणि पंधरा दिवसांनी त्याच वाक्याला कुणाचा ओठही हलत नाही. मग दिग्दर्शक घाबरतो आणि जादा विनोद घालतो. घालू नका. बिघाड बहुधा दारात असतो.

आम्ही दोन खुर्च्यांमधल्या फटीला दार समजून महिनाभर तालीम केली. नाटक १९२० च्या सुमारच्या वाड्यातलं. मामंजी आत येताच कारभारी कपाटात लपतो. खरं कपाट आलं रंगीत तालमीला. प्रयोगात त्याच्या कडीत धोतराचा सोगा अडकला, कारभारी अर्धा आत, अर्धा बाहेर. लोक हसले, पण मामंजींच्या एन्ट्रीचा हशा गेला तो गेलाच. म्हणून पहिल्याच आठवड्यात खरी चौकट उभी करा. बिजागरी कुठल्या बाजूला, दार कुठं उघडतं, ते तेव्हाच ठरवा. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशात, उघडलं तर येणारा नट झाकला जात नाही, फक्त मागं काळा पडदा हवा, नाहीतर चहा पिणारा बॅकस्टेजवाला दिसतो. दार आपटल्यावर फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी भिंत, थरथरला तर ब्रेसवर, म्हणजे त्याच्या मागच्या तिरप्या टेकूवर, वजन वाढवा.

हॉलची विंग आधी मोजा. १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा आम्हाला मिळेल तो हॉल घ्यावा लागला. तिथं विंगेत दोघं एकमेकांना ओलांडू शकत नव्हते.

धोतर, नऊवारी तालमीतच नेसायला लावा. शिवलेल्या नऊवारीला वेल्क्रो नको, विंगेतला चर्रर्र आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो.

मनगटी घड्याळं, 'टेन्शन', 'ओके' काढा. 'पन्नास पैसे' नव्हे, 'आठ आणे'. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. नाटक पुण्याच्या वाड्यातलं असेल तरी आपल्या पोरांच्या तोंडून घाईत कोल्हापुरी 'काय करालाईस?' निघतंच. सरळ वाडाच कोल्हापूरचा करा.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे नट डोळे मिचकावून विनोद दाखवतो. कारभाऱ्याला सांगा, मामंजींनी पकडलं तर तुझी नोकरी जाईल, बायको माहेरी जाईल. त्याला घाम फुटला पाहिजे. हशा चढताना संवाद रेटू नका, पण तो पुरता विझायच्या आत पुढचं वाक्य टाका.