नागपुरात कॅंडिडेट म्हणून येताय? मग हे वाचून घ्या

मी मूळची वसईची. नागपुरात आले ती कॅंडिडेट म्हणून, म्हणजे कॅथलिक सिस्टर (नन) व्हायच्या पहिल्या तयारीसाठी, पुढे व्रतं घेतली आणि इथलीच झाले, आता नव्या मुलींच्या सोबतीचं काम माझ्याकडे असतं. दर जूनला वसई, श्रीरामपूर, जालन्याकडून मुली येतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हवा, कारण पहिला दणका तोच देते. मेमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो आणि जूनचा पहिला पंधरवडा पण तापलेलाच असतो. आपल्याकडे घाम येतो म्हणून पाणी प्यायची आठवण राहते, इथल्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो आणि काही कळायच्या आत चक्कर येते, त्यामुळे तहान लागायची वाट बघू नका. दुपारी बाहेर पडायचंच असेल तर इथल्या पोरी बांधतात तसा तोंडाला दुपट्टा बांधा, लाजू नका. कूलरमध्ये पाणी भरायची पाळी असेल तर ती चुकवू नका, एका मुलीने कंटाळा केला की अख्खी डॉर्मिटरी रात्रभर जागी राहते. आणि थंडीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते, डिसेंबरच्या पहाटे चॅपलमध्ये बसायचं तर वसईची पातळ शाल कामाची नाही, चांगला जाड स्वेटर घरूनच आणा.

जेवणाचं म्हणाल तर ताजी मासळी विसरा. बर्फातली मिळते, पण आपल्याला ती चव लागत नाही. तर्री-पोहे मात्र एकदा खाल्ले की तुम्हीच मागाल. सावजी हळूहळू, पोटाला सवय होऊ द्या.

पहिल्या काही दिवसांत कुणीतरी तुम्हाला कॅथेड्रल दाखवेल, सदरजवळचं, सेंट फ्रान्सिस डी सेल्सचं. सेमिनरी हिल्सलाही नेतील, त्या टेकडीला नावच सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयामुळे पडलंय. नागपूर डायोसीस, म्हणजे बिशपांचा धर्मप्रांत, १८८७ सालची, आर्चडायोसीस (महाधर्मप्रांत) झाली १९५३ मध्ये, म्हणजे घर सोडून या गावात आलेल्या तुम्ही काही पहिल्या नाही. हे मी मुलींना मुद्दाम सांगते कारण पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला वाटतं की रडणारी मी एकटीच.

आमच्या कॉन्व्हेंटच्या घरात केरळच्या, झारखंडच्या, छत्तीसगडच्या मुली असतात, बोलणं हिंदीत, प्रार्थना बऱ्याचदा इंग्रजीत. शाळेत पहिली येणारी मुलगी इथे वाचन करताना अडखळते आणि मग ती गप्प गप्प राहायला लागते, आणि हे गप्प राहणं वरून फार सोज्वळ दिसतं, सगळ्या म्हणतात किती शांत मुलगी आहे. मला तीच काळजी असते. जी भांडते, रडते, आईची आठवण येते म्हणते तिच्यासोबत काम करता येतं, पण जी सगळं गिळून हसत राहते ती एक दिवस आजारी पडते नाहीतर बॅग भरते. सोसत राहणं म्हणजे पाचारण, देवाची हाक, नव्हे. पाळी अनियमित झाली, झोप लागत नाही, जेवण जात नाही, कुणाचं वागणं खुपतंय, हे त्याच आठवड्यात सांगा.

कुणाला सांगायचं हेही समजून घ्या. रोजच्या गोष्टी तुमच्या फॉर्मेटर सिस्टरला, म्हणजे तुम्हाला घडवायची जबाबदारी असलेल्या सिस्टरला. पण तुमच्या मनातलं सगळं उघडं करा असा आग्रह कुठलीही सुपिरियर, म्हणजे घराची किंवा संस्थेची प्रमुख सिस्टर, धरू शकत नाही, ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. विश्वासाने आपणहून सांगावं, जबरदस्तीने नाही. कन्फेशन, म्हणजे फादरांकडची पापांची कबुली, तर वेगळीच गोष्ट, तिथलं तिथेच राहतं, आणि कन्फेशनसाठी दुसरे फादर हवे असतील तर बिनधास्त विचारा.

टप्प्यांबद्दल घरचे फार विचारतात म्हणून थोडक्यात. आधी कॅंडिडेट, मग पोस्टुलंट (तयारीची पुढची पायरी), हा काळ प्रत्येक संस्थेत कमीजास्त. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा घडणीचा काळ, किमान बारा महिन्यांचं आणि त्याआधी वयाची सतरा पूर्ण लागतात. नंतर पहिली व्रतं, ती ठरावीक मुदतीची, निदान तीन वर्षं आणि साधारण सहापर्यंत, फार तर नऊ. कायमची व्रतं एकविसाच्या आत नाहीतच. म्हणजे बघा किती वेळ दिलेला आहे, आणि तो वेळ दोन्ही बाजूंसाठी आहे, संस्था तुम्हाला बघते तशी तुम्हीही संस्थेला बघायचं.

नोव्हिशिएटच्या वर्षात घरी लग्न निघालं की मोठी ओढाताण होते. नियम असा की नोव्हिशिएटच्या घरापासून पंधरा दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात, आणि सगळे मिळून तीन महिन्यांच्या वर गेले तर नोव्हिशिएटच धरलं जात नाही. भावाचं लग्न ठरत असेल तर तारीख पक्की होण्याआधीच सिस्टरांशी बोला. आईबाबा आजारी असतील तर ते मनात ठेवून नोव्हिशिएट सुरूच करू नका, आधी सांगा, पुढची बॅच असते.

नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधली मुलगी, कधीही मोकळेपणाने परत जाऊ शकते, कायद्याने पण आणि देवासमोर पण. आता हे मी मुलींपेक्षा गावाकडच्या लोकांना कळकळीने सांगतेय. मुलगी निघाली की तिचा हारतुऱ्यांचा सत्कार करू नका, व्हॉट्सॲपवर तिला आत्ताच सिस्टर म्हणू नका. धर्मग्रामात (आपल्या चर्चच्या वस्तीत) मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तिच्यासाठी प्रार्थना करा, तेवढं भरपूर झालं. त्या सत्काराच्या ओझ्याखाली मुली नको असताना वर्षं काढतात, मी पाहिलंय, आणि परत गेलेली मुलगी लोकांच्या नजरांमुळे मिस्सेला जायची बंद होते हे तर फारच वाईट. तिने दोन वर्षं प्रार्थनेत घालवली, स्वतःला ओळखलं, यात हरण्यासारखं काय आहे?

सामानात फार काही नको. आधार आणि मार्कशीटच्या झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, ओरिजिनल ऑफिसात दिलेत तर त्याची यादी करून सही घ्या, कुणाला राग येत नाही. चालू असलेली औषधं प्रिस्क्रिप्शनसकट आणा. चष्मा असेल तर जास्तीचा एक. आईबाबांना भेटायला बोलवाल तर जानेवारीत बोलवा, हवा छान असते, बाजार संत्र्यांनी भरलेला असतो, आणि कल्याणहून विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट जाण्या-येण्याचं एकदमच काढायला सांगा, नाताळच्या सुट्टीत ऐनवेळी मिळत नाही.