पेलेटची चूल बंद करताना धूर होतोय? या चुका टाळा

पेटवताना थोडा धूर झाला तर कुणी बोलत नाही. पण तासभर छान जळालेली चूल बंद करताना घरभर धूर झाला की लगेच ‘चूल खराब निघाली’ म्हणून निरोप येतो. अंबाजोगाई, केज, रेणापूर या भागात मी पेलेटवर चालणाऱ्या पंख्याच्या घरगुती चुली दुरुस्त करतो. पेलेट म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या. अशी तक्रार आली की स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढण्याआधी मी एकच विचारतो: “मावशी, शेवटी काय केलं?” उत्तरात बहुतेक वेळा खाली दिलेल्यांपैकीच काहीतरी निघतं.

आधी धूर येतो कुठून ते बघू. या चुलीत पेलेट वरून पेटवतात आणि आग हळूहळू खाली सरकते. तापलेल्या पेलेटमधून जळाऊ वायू सुटतो. पंख्याची थोडी हवा बुडातून जाते, बाकीची वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो वायू तिथंच पेट घेतो. म्हणून चालू चुलीला धूर दिसत नाही. आता पंखा बंद केला तर वरची हवा थांबते, ज्योत विझते, पण तापलेले पेलेट वायू सोडतच राहतात. तोच न जळलेला वायू म्हणजे तुमचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. सोयाबीनच्या भुसकटाचे पेलेट असोत, पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळल्या काड्यांचे) असोत नाहीतर बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे), सगळ्यांचं हेच.

स्वयंपाक झाला की लगेच पंखा बंद करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती करणारे बहुतेक नवे लोक. गॅसची सवय असते, बटण फिरवलं की काम संपलं. पेलेटची चूल बटणानं बंद होत नाही, ती जळून संपावी लागते. म्हणजे ती कधी बंद होणार हे पेलेट भरतानाच ठरतं.

औसा तालुक्यात माझ्या मामेबहिणीकडे येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आदल्या रात्री मी हे डोळ्यांनी पाहिलं. भज्जी शिजली होती, उंडे झाले होते. थंडी म्हणून दार-खिडकी लावलेली. चुलीच्या आतलं जळणाचं भांडं पेलेटनं निम्म्याच्या वर भरलेलं, कारण ‘कमी पडायला नको’. काम आटोपलं तसा सुनेनं पंखा बंद केला. मिनिटाभरात धुराचा लोट उठला. घाबरून तिनं चुलीवर तवा उपडा घातला, तर धूर खालून पंख्याच्या बाजूनं निघायला लागला. मग शेवटचा उपाय म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. आतून फस्सकन वाफ आली, राख ओट्यावर, भज्जीच्या पातेल्यावर, तिच्या हातावर. मनगटाजवळ भाजलं. लाल झालेलं लोखंडी भांडं एकदम गार पडलं आणि कडेला वाकलं, ते पुन्हा नीट बसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेतातून आल्यावर मी पंखा उघडला. पात्यांवर काळं, चिकट डांबर बसलेलं, बोटाला लागलं तर साबणानं निघेना. उलटा गेलेला धूर तिथं थंड होऊन चिकटला होता. एका पात्याची कड उष्णतेनं वळली होती. दिवसभर चालणारा पंखा असा पाच मिनिटांत जातो.

माझी पद्धत अशी. आपली चूल एकदा मोकळी चालवून बघायची: इतके पेलेट भरले की इतका वेळ ज्योत राहते. मग एखादा डबा माप म्हणून ठरवायचा. चहा-पोह्याला पाऊण डबा, भाकरी-भाजीला दीड, असं. ज्वारीच्या भाकरी शेवटी ठेवायच्या नाहीत, त्यांना जोराची आच लागते. शेवटी दूध तापवायचं, अंघोळीचं पाणी ठेवायचं. उरलेली आच वाया जात नाही आणि चूल आपोआप संपते. पिवळी लांब ज्योत जाऊन बुटकी निळसर ज्योत दिसायला लागली की वायू संपत आला, आता फक्त कोळसा जळतोय. तिथं पंखा एकदम बारीक करायचा, बंद करायचा नाही. निखारे राखाडी पडेपर्यंत तो चालू ठेवायचा. नंतरही थोडा वेळ राहू द्या, नाहीतर वरची उष्णता खाली उतरून वायर वितळते. एवढा धीर नसेल तर ही चूल घेऊ नका, असं मी तोंडावर सांगतो.

शेवटी मूठभर पेलेट टाकणं

दोन भाकरी राहिल्या म्हणून लाल निखाऱ्यांवर मूठभर नवे पेलेट टाकतात. खालून तापल्यामुळे ते सगळे एकदम वायू सोडतात आणि वर ज्योत नसली की सगळा धूर. टाकायचेच असतील तर ज्योत जिवंत असताना, चिमूट-चिमूट. मी तर टाकतच नाही, दोन भाकरी गॅसवर करा.

मध्येच बंद करावी लागली तर

पाहुणे आले, मूल रडलं, होतं असं. तेव्हा पंखा चालू ठेवूनच चूल अंगणात न्यायची. जळणाचं भांडं निघणारं असेल तर सांडशीनं धरून निखारे पत्र्याच्या डब्यात ओतायचे, वर घट्ट झाकण. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा चालतो, प्लास्टिक नाही. हवा तुटली की विझतात. डबा सकाळपर्यंत उघडू नका, हवा लागली की पुन्हा पेट घेतात. आणि ते निखारे उकिरड्यावर तर अजिबात नाही. शेजारी कडब्याची गंज असते हे घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही.

लाइट गेली तर पातेलं आधी उतरवा म्हणजे ज्योतीला वरून हवा मिळेल, आणि पेटती काडी वर धरून ज्योत टिकवा. खरा उपाय म्हणजे पंख्याला चालेल अशी छोटी बॅटरी. आपल्याकडची लाइट माहीत असून ती न ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ओल धरलेले पेलेट शेवटपर्यंत धूर देतात. कोरडा पेलेट मोडताना टक्क वाजतो, ओला भुगा होतो. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका, झाकणाच्या पिंपात भरा. तळाचा भुगा चाळणीनं काढून टाका.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज

यावर मी भांडायलाही तयार असतो. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून थंडीत कितीतरी घरांत ते शेगडीत भरून माणसं झोपतात त्या खोलीत ठेवतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर पित्त म्हणून पडून राहू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि दवाखाना गाठा. चूल विझताना खिडकी उघडी हवी, मग धूर दिसो वा न दिसो.

हे सगळं पाळूनही धूर होत असेल, तर गार चुलीची वरच्या कडेची भोकं बघा. राखेनं आणि डांबरानं बुजली असतील तर पोती शिवायच्या दाभणानं एकेक मोकळं करा, मग पंखा लावून वर हात धरा. सगळीकडून सारखी हवा लागली पाहिजे. एका बाजूनं येत नसेल तर आतलं भांडं वाकलेलं आहे किंवा पंख्याचा वेग पडलाय. तेवढ्यासाठी मात्र चूल दुरुस्तीला आणा, आणि येताना घरातले मूठभर पेलेटही आणा.