हिडकलच्या वाऱ्यात लेझर बोट कशी पळवायची

हिडकल धरणावर शिडाची बोट चालवायला जाताना वाऱ्याचा अंदाज मला वाटेत हत्तरगीलाच येतो. हायवेकडेची निलगिरी एका अंगाला वाकलेली दिसली, चहाच्या टपरीवरचं प्लास्टिक फडफडत असलं, की त्या दिवशी मोठं शीड मी गाडीतून काढतच नाही. जूनच्या सुरुवातीला, पावसानं जोर धरायच्या आधी, पश्चिमेचा वारा असाच येतो. मागच्या रविवारी हातातल्या मीटरवर १८ नॉट दिसले, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. आमच्यासाठी मोटारबोट घेऊन थांबणारे मासेमार मामा मीटर न बघताच म्हणाले, “गाळी भाळ ऐती, अक्का.” म्हणजे वारा फार आहे, ताई.

आमच्या सगळ्या बोटी लेझर. सव्वाचार मीटर लांब, एक माणूस, एक शीड. मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं, त्याहून लहान रेडियल ५.७६ चं. बोट तीच राहते, शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा तेवढा बदलतो. माझं वजन ५६ किलो, त्यामुळं या वाऱ्यात मला रेडियलच. त्यात कमीपणा मानू नका. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला सेलर नेत्रा कुमनन टोकियोत रेडियलवरच उतरली होती.

किनाऱ्यावरच व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली धरणारा दोर) आणि कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारा दोर) कचकचून ओढा. व्हँग सैल असला की शीट (शीड आत-बाहेर करायचा दोर, मेनशीट तोच) सोडल्यावर बूम बाहेर जायच्या ऐवजी वर उचलतो, शीड फुगतं आणि बोट आडवी होते. लाइफ जॅकेटचे पट्टे दुसऱ्याकडून ओढून बघून घ्या. मागच्या बाजूचं बूच बसवलंय का, तेही बघा.

शर्यतीच्या सुरुवातीचे इशारे नेहमीचेच: ५ मिनिटं, ४, १ आणि सुटका. रेषेवर गर्दीत घुसू नका, खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, दोन बोटींची जागा मोकळी ठेवा. वारा तुमच्या उजव्या अंगानं येत असेल तर हक्क तुमचा, पण “स्टारबोर्ड!” लवकर आणि मोठ्यानं ओरडा. या वाऱ्यात आवाज पोचत नाही.

आता खरं काम. वाऱ्याच्या विरुद्ध वर चढताना बोट सपाट ठेवायची, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. कललेली बोट जोरात पळतेय असं वाटतं, पण ती बाजूला घसरत असते आणि सुकाणू हातात जड होतं. पाण्यावर पुढं काळसर पट्टा सरकताना दिसला की तो झोत. तो पोचायच्या आधी, पोचल्यावर नव्हे, मेनशीट वीतभर सोडा, पाय पट्ट्यात अडकवून अंग पार बाहेर टाका, आणि बोट सपाट झाली की शीट परत ओढा. सोडा, झुका, ओढा. एका फेरीत हे शंभरदा करावं लागतं. मांड्या पेटतात. मी घरी भिंतीला पाठ लावून बसायचा सराव करते तो याचसाठी.

वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या खुणेला वळायच्या आधी व्हँग थोडा सैल करा, नाहीतर बूमचं टोक पाण्यात घुसतं आणि तिथंच उलटता. वारा पाठीशी आला की शीड काटकोनाच्या पुढं सोडायचं नाही. बोट डावी-उजवी डोलायला लागली तर शीट आत घ्या. सेंटरबोर्ड (बोटीच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी) पूर्ण वर उचलू नका. अर्ध्याच्या थोडं खाली ठेवा, नाहीतर जाइब (वारा पाठीशी असताना शीड दुसऱ्या बाजूला घेत वळणं) करताना बूम त्याला अडकतो.

जाइबला सगळ्यात जास्त लोक पडतात, मीही पडलेय. बोट सगळ्यात जास्त वेगात, लाटेवरून उतरत असते तेव्हाच जाइब करायचा, कारण त्या क्षणी शिडावरचा दाब कमी असतो. भिऊन वेग गेल्यावर केलात तर बूम हातोड्यासारखा येतो. बूम निघाला की शीटला एक जोराचा हिसका द्या, म्हणजे दोर मागच्या कोपऱ्यात अडकत नाही. मग डोकं खाली, आणि सुकाणू लगेच सरळ. जमत नसेल तर वर वळून टॅक मारून, म्हणजे नाक वाऱ्यातून नेऊन, फिरा. दहा-पंधरा सेकंद जातील, पण बोट उभी राहील.

उलटलात तर बोट सोडून पोहायला लागू नका. वारा तुम्हाला पूर्वेला, धरणाच्या बाजूला ढकलतोय, म्हणून आमची खालची खूण आम्ही भिंतीपासून खूप लांब ठेवतो. शीट मोकळी करा, बोटीचं नाक वाऱ्याकडं येऊ द्या, सेंटरबोर्डवर उभं राहून मागं झुका. जूनमध्ये पाणी उतरलेलं असतं, हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं त्या दिवसांत तर डोलकाठी हमखास गाळात रुतते. तेव्हा झटके देऊ नका, काठी वाकते. हात वर करून मामांना बोलवा. ते बोटीचं नाक हळूहळू वाऱ्याकडं ओढतात आणि काठी आपोआप सुटते.

किनाऱ्याला आल्यावर शिडाचा गाळ वाळायच्या आत धुवा, आणि डोलकाठीच्या जोडावर हाताचं बोट फिरवून चीर आहे का बघा. दुसरी शर्यत त्यानंतर.