वांशिक विलगीकरणाचे अमेरिकी निकाल कसे वाचावेत

नांदेड, लातूर वा परभणीच्या विधी महाविद्यालयांत समतेच्या हक्काचा अभ्यास करणारे विद्यार्थी बहुधा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या, वंशानुसार वेगळे बसवणे वैध ठरवणाऱ्या १८९६ च्या प्लेसी निकालावरून थेट शाळांतले विलगीकरण घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन निकालावर येतात. मधले निकाल गाळले, तर न्यायालयाचे मत कसे पालटत गेले हे कळत नाही.

निकालपत्राच्या आरंभी दिलेला सारांश न्यायालयाच्या मताचा भाग नसतो, म्हणून तो बाजूला ठेवावा. आधी वस्तुस्थिती वाचून, अन्याय नेमका काय झाला हे वहीत एका ओळीत लिहावे. होमर प्लेसी यांना १८९२ मध्ये लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल अटक झाली होती. सात विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने वेगळ्या डब्यांची सक्ती करणारा राज्याचा कायदा वैध ठरवला आणि वेगळे बसवण्यात हीनता वाटत असेल, तर तो अर्थ कृष्णवर्णीयांनीच लावलेला आहे, असे म्हटले. या विधानाखाली रेघ ओढावी. ब्राऊन निकालाने प्रामुख्याने तेच खोडून काढले. न्या. हार्लन यांचे भिन्नमत मात्र संपूर्ण वाचावे, कारण राज्यघटना रंग पाहत नाही हे त्यांचे वचन सगळे उद्धृत करतात आणि त्याच मतातला चिनी वंशाविषयीचा तुच्छतेचा मजकूर सोयीने गाळतात.

सर्वाधिक वेळ १९५० च्या मॅकलॉरिन निकालाला द्यावा. ओक्लाहोमा विद्यापीठाने मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गालगतच्या कोनाड्यात त्याचा बाक मांडला, ग्रंथालयात त्याचे टेबल वेगळे ठेवले आणि त्याला जेवायलाही निराळ्या वेळी बसवले. शिक्षक तेच, पुस्तके तीच. तरीही सहाध्यायांशी चर्चा करण्याची संधी हिरावली जाते, म्हणून न्यायालयाने हे निर्बंध एकमताने घटनाबाह्य ठरवले. हे वाचताना चवदार तळ्याचा १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शेजारी ठेवावा. तिथे अस्पृश्यांना विजय मिळाला तो त्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि असल्याचे स्पृश्यांना सिद्ध करता आले नाही म्हणून. समतेचे तत्त्व त्या निकालाचा आधार नव्हते. निकाल कशाच्या बळावर टिकला, हे असे शोधायचे असते.

ब्राऊनपाशी थांबू नये. अंमलबजावणीचा आदेश १९५५ मध्ये स्वतंत्रपणे निघाला आणि त्यात मुदतच नव्हती. त्याचा परिणाम पाहण्यासाठी व्हर्जिनियातील न्यू केंट परगण्याचा १९६८ चा निकाल काढावा: तिथे शाळा निवडण्याची मुभा दिल्यानंतरही कृष्णवर्णीयांच्या शाळेत एकाही गोऱ्या मुलाने प्रवेश घेतला नव्हता, आणि ताबडतोब परिणाम दिसेल अशी योजना सादर करा, असे न्यायालयाला शाळा मंडळाला बजावावे लागले.