पडलेल्या उमेदवाराने पुन्हा उभं राहायचं का? अमेरिकी अध्यक्षपदाच्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी

आपल्याकडे पडलेल्या उमेदवाराला पुन्हा तिकीट हवं असेल तर तो दिल्लीच्या वाऱ्या सुरू करतो. अमेरिकेत अध्यक्षपदाचं तिकीट देणारी अशी एक खुर्चीच नाही. ते राज्याराज्यांत पक्षाच्याच मतदारांकडून, प्रायमरी लढवून आणावं लागतं. म्हणून हरलेल्या उमेदवाराने वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहायचा तो ‘माझाच पक्ष मला पुन्हा उभा करील का?’ हा. देशाचा कौल त्यानंतर. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ॲडलाय स्टीव्हन्सन यांना पराभवानंतर सलग दुसऱ्यांदा उमेदवारी दिली आणि ते पुन्हा हरले. त्यानंतर नोव्हेंबरात हरलेला माणूस मोठ्या पक्षाने परत उभा केला तो दोनदाच, १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प. दोघेही निवडून आले. पण त्यावरून हुरळून जाण्याआधी ह्यूबर्ट हम्फ्री (हरले १९६८, परतले १९७२) आणि जॉर्ज मॅकगव्हर्न (हरले १९७२, परतले १९८४) यांची नावं शेजारी लिहावीत. ते दोघंही घरातल्याच भांडणात, म्हणजे प्रायमरीत, अडकले.

निकालानंतरचे सहा-सात महिने आकड्यांना द्यावेत, आणि त्या काळात एकही निष्कर्ष जाहीरपणे बोलू नये. एक्झिट पोल बाजूला ठेवायचे. प्रत्यक्ष मत कोणी दिलं याची नोंद राज्यांच्या मतदारयाद्यांवर चढायला वेळ लागतो, आणि ती नोंद जोडून केलेली भरवशाची विश्लेषणं पुढच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये हाती येतात. २०२४च्या निवडणुकीबद्दल कॅटलिस्ट आणि प्यू या संस्थांचे असे अहवाल २०२५च्या मे-जूनमध्येच आले. हरलेल्या छावणीचा लाडका खुलासा असतो, ‘आपले लोक घरी बसले.’ प्यूच्या पाहणीत मतदान न केलेल्यांमध्ये ट्रम्प यांना ४४ टक्के आणि कमला हॅरिस यांना ४० टक्के पसंती निघाली. म्हणजे सगळे घराबाहेर पडले असते तरी गणित सुटलं नसतं. पहिल्याच आठवड्यात हा खुलासा टीव्हीवर देऊन बसलेल्या माणसाला मग तो गिळावा लागतो.

आकडे वाचताना दोन रकाने आखावेत. पहिला, निर्णायक राज्यांतलं, म्हणजे कोणाकडेही झुकू शकणाऱ्या राज्यांतलं, अंतर. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून हिलरी क्लिंटन सुमारे ७८ हजार मतांनी मागे होत्या, तर २०२४ मध्ये त्याच तीन राज्यांत हॅरिस सुमारे २ लाख ३० हजारांनी. कोट्यवधी मतांच्या देशात हे आकडे चिमूटभर वाटतात आणि तिथेच माणूस फसतो, कारण पुढच्या वेळी तेच मतदार, तोच विरोधक आणि तीच महागाई नसते. दुसरा रकाना जास्त बोलका आणि जास्त टोचणारा: त्याच दिवशी, त्याच राज्यात आपल्याच पक्षाच्या सेनेट किंवा गव्हर्नर उमेदवाराचं काय झालं? २०२४ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन, ॲरिझोना आणि नेवाडा या चारही राज्यांत डेमोक्रॅटिक सेनेट उमेदवार निवडून आले आणि हॅरिस मात्र चारही ठिकाणी पडल्या. नॉर्थ कॅरोलायनात पक्षाचा गव्हर्नर आला, राज्य गेलं. यावर ‘वातावरणच विरोधात होतं’ हे उत्तर चालत नाही. वातावरण सगळ्यांनाच होतं. हॅरिस यांच्या बाजूने एक खरी सबब आहे: बायडन यांनी २१ जुलै २०२४ रोजी माघार घेतली आणि प्रचाराला उरले १०७ दिवस. पण तीच सबब प्रायमरीत उलटते. १०७ दिवसांमुळेच प्रायमरी टळली होती, आणि त्याआधीची २०२०ची उमेदवारी त्यांनी आयोवाचं, म्हणजे तेव्हाच्या पहिल्याच राज्याचं, मतदान व्हायच्या आधीच, ३ डिसेंबर २०१९ला मागे घेतली होती. म्हणजे राष्ट्रीय प्रायमरीत मतं मागून जिंकल्याचा दाखला हाताशी नाही. यादीत हे लाल शाईने लिहायचं.

मग पैसा. जुन्या मोहिमेची उधारी फिटेपर्यंत तिचे पैसे सांभाळणारी प्रचार समिती बंद करता येत नाही, आणि उधारी फेडायला नवे दाते फारसे उत्सुक नसतात. हरलेल्या घोड्याचा चारा कोण भरणार? जॉन ग्लेन हे अंतराळवीर सेनेटर १९८४च्या प्रायमरीतलं सुमारे ३० लाख डॉलरचं कर्ज २००६ पर्यंत वागवत होते. उलट टोकही वाईट. २००४ मध्ये जॉन केरी यांच्या खात्यात सुमारे दीड कोटी डॉलर शिल्लक राहिले, आणि ओहायो सव्वा लाखाच्या आत मतांनी गेलेलं असताना ‘हे पैसे तिथे का नाही ओतले?’ असं त्यांच्याच पक्षातले लोक विचारू लागले. तेव्हा हिशेब मिटवताना तीन कागद तयार हवेत: ज्यांचं देणं आहे त्यांची यादी रकमेसह, शिल्लक कुठे आणि का राहिली याचं एक पान, आणि दात्यांची यादी तीन गटांत, म्हणजे पुन्हा देतील, वाट पाहतील आणि दुसऱ्याकडे गेले. तिसरा गट पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर पुढची पानं उघडायची गरज नाही.

नव्या देणग्यांचे नियम टीममधल्या सगळ्यांना तोंडपाठ असावेत. २०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा प्रत्येक निवडणुकीला ३,५०० डॉलर आहे. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, त्यामुळे ७,००० घेता येतात, पण मुख्य निवडणुकीचे पैसे प्रायमरीत खर्चायचे नसतात, आणि प्रायमरीत हरलात तर ते ६० दिवसांत परत करावे लागतात किंवा नियमाप्रमाणे दुसरीकडे वळवावे लागतात. ही मर्यादा दर विषम वर्षी महागाईप्रमाणे बदलते, तेव्हा जुने फॉर्म छापून ठेवू नयेत. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरात देणगीचं जेवण ठरत असेल तर यजमानांना एवढं सांगावं: ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो, एच-वन-बी व्हिसावरचा पाहुणा देऊ शकत नाही. तो खुर्च्या मांडू शकतो, फोन करू शकतो, पण चेक नाही. घरच्या कार्यक्रमात खाण्यापिण्यावर यजमानाने स्वतःचे १,००० डॉलरपर्यंत, आणि नवरा-बायको दोघांनी मिळून २,००० पर्यंत खर्च केले तर ती देणगी धरत नाहीत. त्याच्या वर गेलं की धरतात, आणि इथे घोटाळा नेहमी केटररच्या बिलात होतो.

‘चाचपणी’चा काळ कायद्यात मोकळा असतो, पण निसरडाही. सर्वेक्षण करा, प्रवास करा, फोन करा. मात्र ‘मी उभा आहे’ म्हणालात, प्रचाराची जाहिरात घेतलीत, प्रचारासाठी पैसा साठवू लागलात किंवा मतपत्रिकेवर नाव आणायच्या खटपटीला लागलात की चाचपणी संपली. ५,००० डॉलरच्या वर जमवले किंवा खर्चले की उमेदवारीचं निवेदन १५ दिवसांत संघीय निवडणूक आयोगाकडे जायला हवं, आणि त्यानंतर १० दिवसांत प्रचार समितीची नोंदणी. चाचपणीत खर्चलेला प्रत्येक डॉलर मग मागाहून जाहीर होतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून. मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं जाहीर विवरणही भरावं लागतं. मधल्या वर्षांत पैसे घेऊन भाषणं केली असतील तर ती कोणापुढे केली आणि तिथे काय बोललात याची फाइल आधीच तयार ठेवा. हिलरी क्लिंटन यांची गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेतली २०१३ची भाषणं २०१६च्या प्रायमरीत त्यांना महिनोन्महिने छळत राहिली.

मधल्या काळात छोटं पद लढवावं का? इथे सल्लागारांचं एकमत कधीच होत नाही. आमचं मत असं की ज्या पदाची खरंच इच्छा आहे तेच लढवावं, कारण मतदाराला पायरी म्हणून वापरलेलं पद लगेच ओळखू येतं. निक्सन १९६० मध्ये केनेडींकडून सव्वा लाखाहून कमी मतांनी हरले आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले. विरोधकांनी एकच मुद्दा धरला: यांचं लक्ष व्हाइट हाउसवर आहे. जवळपास ३ लाख मतांनी हरले आणि पत्रकारांवर राग काढून राजकारणातून जातोय म्हणाले. हॅरिस यांनी जुलै २०२५ मध्ये त्याच पदाला नकार दिला तेव्हा हे उदाहरण जुन्या जाणत्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. उलट, अध्यक्षपदापेक्षा लहान पातळीवर पायरी उतरणं कामी आल्याचं एक बेळगावी उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. मग ते २०२०ला राज्याच्या सभागृहात गेले आणि २०२२ला डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, पोचले. गव्हर्नरपदाच्याच मागे न लागता ते आधी खालच्या पायरीवर निवडून आले, हा त्यातला धडा.

निक्सन परतले ते १९६६मुळे. मध्यावधी निवडणुकीत, म्हणजे दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या वर्षी ठरल्याप्रमाणे होणाऱ्या निवडणुकीत, ते पक्षाच्या लहानमोठ्या उमेदवारांसाठी देशभर फिरले, रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ४७ जागा वाढवल्या, आणि १९६८ मध्ये त्या उपकृत मंडळींची फौज त्यांच्या मागे उभी होती. त्याच्याही आधी १९६४ मध्ये पक्षाचे उमेदवार गोल्डवॉटर बुडणार हे दिसत असताना निक्सन यांनी त्यांचा प्रचार केला, तेही पुढे उजव्या गटाने लक्षात ठेवलं. तेव्हा मध्यावधीच्या वर्षाचं वेळापत्रक बनवताना ज्या जागा सहज येणार तिथे वेळ घालवू नये. पराभूत उमेदवाराची तिथे कोणाला गरज नसते. अडचणीतल्या जागा निवडाव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं की आलो तर फायदा होईल की तोटा. ‘सध्या नको’ हे उत्तर किती ठिकाणांहून आलं याची वेगळी नोंद ठेवा. पक्षाचा कौल त्याहून स्वस्तात मिळत नाही. लीडरशिप पॅक, म्हणजे इतर उमेदवारांना मदत करायला नेत्याने काढलेली निधी समिती, काढली तर त्यातून अशा उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीला ५,००० डॉलरपर्यंत देता येतात. त्या पैशातून स्वतःची मोहीम चालवायची नाही, हे खजिनदाराच्या टेबलावर चिकटवून ठेवावं.

मतपत्रिकेवर नाव आणणं हे कारकुनी काम वाटतं, आणि मोठे लोक तिथेच आपटतात. न्यू हॅम्पशायरला १,००० डॉलर भरले की काम होतं. इंडियानात ४,५०० सह्या लागतात, त्याही नऊ मतदारसंघांतून प्रत्येकी ५००. व्हर्जिनियात ५,००० आणि प्रत्येक मतदारसंघातून किमान २००. तिथे २०१२ मध्ये अट १०,०००ची होती आणि न्यूट गिंग्रिच व रिक पेरी यांच्यासारखे नावाजलेले उमेदवार नावच आणू शकले नाहीत. सह्या अवैध ठरतात त्या पत्ता जुना, मतदारसंघ चुकला किंवा नोंदणीच नाही म्हणून. लागतात त्याच्या दीडपट ते दुप्पट जमवाव्यात आणि आठवड्याच्या आठवड्याला मतदारयादीशी ताडून पाहाव्यात. शेवटच्या पंधरवड्यात तपासायला बसलात तर दुरुस्तीला वेळ नसतो. राज्यांचा क्रमही कायम नसतो: २०२४ मध्ये डेमोक्रॅट्सनी साउथ कॅरोलायना पहिली ठरवली, तरी न्यू हॅम्पशायरने स्वतःच्या कायद्याप्रमाणे २३ जानेवारीलाच मतदान उरकलं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्क्यांखाली राहिलात तर तिथले डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मिळत नाहीत, म्हणून सर्वत्र १२ टक्के असण्यापेक्षा चार ठिकाणी २५ असणं बरं.

माणसं बदलायची का? काही तरी नक्की. जुन्या चमूला स्वतःचीच चूक शोधायला सांगणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पराभवाचं विश्लेषण ज्याला टीव्ही जाहिरातींवर कमिशन मिळालं त्याने करू नये. ठेवायचे ते राज्य पातळीवरचे संघटक, वकील आणि हिशेबनीस. मग उमेदवाराने स्वतः तीस सेकंदांत, कोणाचंही नाव न घेता, का हरलो ते सांगून बघावं. अनोळखी दहा जणांसमोर सांगावं. त्यात ‘पण’ दोनदा आला तर अजून तयारी नाही. घरच्यांशी बोलणं याच टप्प्यावर, आणि सुरक्षेच्या खर्चासकट. माजी उपाध्यक्षांना कायद्याने सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण सहा महिनेच मिळतं, आणि उमेदवार म्हणून ते गृहसुरक्षामंत्री ‘प्रमुख उमेदवार’ ठरवतील तेव्हाच. मधली वर्षं अंदाजपत्रकात धरावी लागतात.

नकाराची तारीख ठरवणं ही शेवटची नोंद. ॲल गोर (हरले २०००) यांनी २००४साठीचा नकार डिसेंबर २००२ मध्येच दिला. मिट रॉमनी (हरले २०१२) यांनी जानेवारी २०१५ मध्ये दात्यांना ‘विचार करतोय’ म्हटलं आणि तीन आठवड्यांत, ३० जानेवारीला, माघार जाहीर केली. तेवढ्यातही त्यांचे काही दाते त्याच पक्षातले दुसरे इच्छुक जेब बुश यांच्याकडे सरकले होते. सगळ्यात वाईट १९६०चे स्टीव्हन्सन: उभेही नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. लॉस एंजेलिसच्या पक्षाधिवेशनात गॅलऱ्या त्यांच्या नावाने दणाणल्या, मतं पडली ७९.५, आणि केनेडींना पहिल्याच फेरीत ८०६. तेव्हा मध्यावधीनंतरच्या डिसेंबरातली एक तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी दात्यांची यादी, ‘सध्या नको’ची नोंद आणि उधारीचा कागद टेबलावर ठेवायचे. नकारच ठरला तर समर्थकांच्या ई-मेलची यादी कोणाला, किती किमतीला आणि कोणत्या अटींवर भाड्याने द्यायची हे वकिलाकडून त्याच आठवड्यात लिहून घ्यावं. नंतर तिच्यासाठी फोन येतील ते तुमच्याच पक्षातल्या पाच-सहा उमेदवारांचे.