फॅन्टसी बेसबॉल: यंदा किती टीम घ्यायच्या हे कसं ठरवायचं

फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग (बेसबॉल क्लबांचा सीझनआधीचा सराव) सुरू झालं की फॅन्टसी बेसबॉलचे, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि त्यांच्या मैदानातल्या कामगिरीवर जिंकायचं त्या खेळाचे, मेसेज यायला लागतात. ऑफिसची लीग परत चालू होतेय, येणार ना? मग कॉलेजच्या रूममेट्सची लीग, मग मुलाच्या लिटल लीगमधल्या पालकांची लीग, आणि इकडे न्यू जर्सीत बाहेर बर्फ पडलेला असतो, संध्याकाळी पाचलाच अंधार, त्यामुळे सगळ्यांनाच हो म्हणावंसं वाटतं. मी बारा सीझन खेळलोय, एका टीमपासून सहा टीमपर्यंत सगळं करून पाहिलंय, आणि माझं स्पष्ट मत आहे की टीमचा आकडा हाच सीझनमधला सगळ्यात मोठा निर्णय आहे, पहिल्या राउंडला कोणाला उचललं त्याहूनही मोठा. कारण फेब्रुवारीतला उत्साह बघून आपण टीम घेतो आणि सांभाळायच्या असतात ऑगस्टमध्ये.

ज्यांनी फक्त आयपीएलची फॅन्टसी खेळलीय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. तिथे मॅचला नवी टीम, मॅच संपली की विषय संपला, आणि एकच बॅट्समन हजारो लोकांच्या टीममध्ये असू शकतो. इथे तसं नाही. बारा जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाकडे असतो, मार्चमध्ये ड्राफ्ट होतो (सगळे पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात) आणि तीच टीम सप्टेंबरच्या शेवटापर्यंत चालवायची. आयपीएल 2025 मध्ये सगळ्या मिळून 74 मॅचेस होत्या, मेजर लीगमध्ये (अमेरिकेची मुख्य बेसबॉल लीग) 30 क्लब आणि प्रत्येकाच्या 162, एका मॅचला दोन क्लब, म्हणजे एका सीझनच्या 2,430 मॅचेस. 2025 मध्ये ओपनिंग डे 27 मार्चला होता आणि रेग्युलर सीझन 28 सप्टेंबरला संपला, मोजून 186 दिवस, त्यात ऑल-स्टार ब्रेकचे (सीझनमधली सुट्टी) थोडे दिवस सोडले तर जवळजवळ रोज काहीतरी चालू असतं. गुढीपाडव्याच्या आसपास हातात घेतलेली टीम गणपती होऊन गेले तरी सोडता येत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता मुख्य मुद्दा. टीम मोजू नका, आठवड्याला किती निर्णय घ्यावे लागतात ते मोजा. कारण टीम आणि टीममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रोज लाइनअप लावायची (आपल्या टीममधले आज कोण खेळणार ते ठरवायची) लीग सगळ्यात जास्त वेळ खाते. रोज सकाळी बघायचं आज कोणाला सुट्टी आहे, कोणाची मॅच आहे, संध्याकाळी क्लबची लाइनअप जाहीर झाली की परत बघायचं, कारण तुमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) नेमका त्याच दिवशी बसवलेला असतो. रात्रीची मॅच आणि दुसऱ्या दिवशी लगेच दुपारची मॅच असेल तर बहुतेक क्लब आपल्या मुख्य कॅचरला (विकेटकीपरसारखा) दुपारी विश्रांती देतात, हे एवढंसं लक्षात ठेवलं नाही तर दर आठवड्याला एखादी जागा रिकामी जाते. पाऊस आला, मॅच पुढे ढकलली, परत बदल. रोजची दहा मिनिटं धरा, फार नाहीत वाटत, पण 186 दिवसांचे ते 31 तास होतात, एका टीमचे. आणि तासांपेक्षा वाईट म्हणजे ती दहा मिनिटं तुमच्या सोयीने येत नाहीत, मुलांच्या जेवणाच्या वेळी येतात, मीटिंगमध्ये येतात.

आठवड्याची लाइनअप असेल तर काम रविवार-सोमवारवर गोळा होतं. रविवारी रात्री फ्री एजंटवर, म्हणजे कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंवर, बोली लागते (सीझनभरासाठी 100 किंवा 1000 डॉलरचं काल्पनिक बजेट असतं, झाकलेली बोली, ज्याची जास्त त्याला खेळाडू), मग सोमवारी पहिल्या मॅचच्या आत लाइनअप बंद. त्या एका बैठकीत बघायचं असतं की कोणता पिचर (बॉल टाकणारा) या आठवड्यात दोनदा टाकणार आहे, कोणत्या क्लबच्या सात मॅचेस आहेत आणि कोणाच्या पाचच, कोण डेन्व्हरला कूर्स फील्डवर खेळतोय जिथे उंचीमुळे बॉल लांब जातो, कोण जखमी यादीत गेला. त्या यादीत हिटर असेल तर कमीत कमी 10 दिवस, पिचर असेल तर 15 दिवस, मोठी दुखापत असेल तर 60 दिवस. मला बारा जणांच्या लीगला पाऊण तास लागतो आणि पंधरा जणांच्या लीगला दीड तास, आणि हा फरक का ते समजून घ्या. बारा टीम गुणिले 23 म्हणजे 276 खेळाडू मैदानात, थोडे बेंचवर, म्हणजे फ्री एजंटमध्ये बरे खेळाडू दिसतात. पंधरा टीम गुणिले 30 म्हणजे 450 खेळाडू उचलले गेलेले, सगळ्या क्लबचे मिळून 26-26 चे रोस्टर धरले तरी 780 जण, तर उरलेल्यात बहुतेक राखीव कॅचर आणि सातव्या इनिंगचे रिलीव्हर (मॅचच्या मध्येच येणारे पिचर). तिथून कामाचा माणूस शोधायला खणावं लागतं.

तिसरा प्रकार बेस्ट बॉल. ड्राफ्ट करा आणि विसरा, ज्यांचा स्कोअर जास्त त्यांना सॉफ्टवेअर आपोआप लाइनअपमध्ये धरतं. ड्राफ्टची हौस दांडगी असेल आणि सीझनमध्ये वेळ नसेल तर अशा कितीही घ्या, मी त्या टीमच्या आकड्यात धरतच नाही.

मग करायचं काय, तर ड्राफ्टच्या आधी एक कागद घ्या आणि आपला सगळ्यात वाईट आठवडा लिहून काढा. नेहमीचा आठवडा नको. ज्या आठवड्यात कामावर रिलीज आहे, आईबाबा भारतातून आलेत, मुलाला ताप आहे, तो आठवडा. त्या आठवड्यात बेसबॉलला खरंच किती वेळ देता येईल? माझं उत्तर येतं दोन तास, त्याहून जास्त नाही. मग रोजची एक लीग जवळजवळ सव्वा तास (दहा मिनिटं गुणिले सात), आठवड्याची बारा जणांची एक लीग पाऊण तास, झाले दोन तास. माझा आकडा दोन. इतकं सरळ गणित आहे, पण हे गणित करायला मला सात-आठ वर्षं लागली.

रविवार संध्याकाळ वेगळी तपासा. आमच्याकडे रविवारी दुपारी मराठी शाळा असते, मग किराणा, मग उद्याचे डबे, साडेआठ-नऊला लॅपटॉप उघडला जातो आणि बोली बंद व्हायची वेळ बऱ्याच लीगमध्ये त्याच रात्रीची. आठवड्याच्या चार लीग घेतल्या होत्या त्या वर्षी मी रविवारी कोणाशी धड बोलत नव्हतो, बायको म्हणाली तू घरात असून नसल्यासारखा असतोस, आणि तिचं बरोबर होतं. ऑगस्टही बघून ठेवा. मंडळाच्या गणपतीच्या तालमी, शाळा सुरू व्हायची गडबड, आणि नेमकं तेव्हाच हेड-टू-हेड लीगमध्ये (दर आठवड्याला एका टीमशी सामना) प्लेऑफची शर्यत रंगात आलेली असते, वर फॅन्टसी फुटबॉलचे ड्राफ्ट. तुम्ही फुटबॉलही खेळत असाल तर बेसबॉलची एक टीम आत्ताच कमी करा, सप्टेंबरमध्ये दोन्ही सांभाळणारे मी फार थोडे बघितलेत.

पुण्या-मुंबईतून अमेरिकन ऑफिसच्या लीगमध्ये खेळत असाल तर तुमचं गणित आणखी वेगळं. न्यूयॉर्कला संध्याकाळी 7:05 ला सुरू होणारी मॅच तुमच्याकडे पहाटे 4:35 ला असते, क्लबची लाइनअप त्याच्या दोन-तीन तास आधी येते तेव्हा तुम्ही गाढ झोपेत. रोजच्या लाइनअपच्या लीगमध्ये तुम्ही कायम एक पाऊल मागे राहणार, त्यामुळे आठवड्याचीच लीग घ्या, त्यात तुमची सोमवारची संध्याकाळ मोकळी मिळते, सोमवारची पहिली मॅच अमेरिकेत दुपारी एकला असली तरी तुमच्याकडे रात्री साडेदहा वाजलेले असतात, जेवून निवांत लाइनअप लावता येते.

आता लोक म्हणतात जास्त टीम असल्या की धोका वाटला जातो, एका ठिकाणी हरलो तर दुसरीकडे जिंकू. हे अर्धंच खरं आहे. आपली आवडनिवड सगळीकडे तीच असते, त्यामुळे नकळत तेच खेळाडू सगळीकडे जमा होतात. 2023 ला रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने 41 होम रन आणि 73 स्टील (बेस चोरणं) केल्या होत्या, त्यामुळे 2024 ला बहुतेक ड्राफ्टमध्ये तोच पहिला जायचा. माझ्या तेव्हा पाच टीम होत्या, एका लीगमध्ये पहिला नंबर लागला म्हणून तो मिळाला, दोन ऑक्शन लीगमध्ये (ड्राफ्टऐवजी लिलाव) 260 डॉलरच्या बजेटमधले भरपूर ओतून मी त्याला घेतला, आणि दोन ठिकाणी पिचर स्पेन्सर स्ट्रायडर. स्ट्रायडर दोन मॅच टाकून कोपराच्या दुखापतीने एप्रिलमध्येच सीझनमधून बाहेर, अकुन्या 26 मे ला पिट्सबर्गमध्ये बेसवर धावताना गुडघ्याचं लिगामेंट फाटून बाहेर. मे संपायच्या आत माझ्या पाचही टीमला मोठं भगदाड, आणि पुढचे चार महिने पाचही ठिकाणी एकच भोक बुजवत बसायचं. तो उन्हाळा मी विसरणार नाही. तीनपेक्षा जास्त टीम घेणार असाल तर ड्राफ्टच्या आधी ठरवून ठेवा की पहिल्या तीन राउंडमधला कोणताही एक खेळाडू दोनपेक्षा जास्त ठिकाणी घ्यायचा नाही. उलट टोकालाही जाऊ नका, सगळीकडे सगळे वेगळे घेतले तर एका टीमचा पिचर दुसऱ्या टीमच्या हिटरला बॉल टाकतोय आणि आपण नक्की कोणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळत नाही, मॅच बघायची मजाच जाते.

दुसरी गोष्ट जिच्याकडे कोणी बघत नाही ती म्हणजे नियम. दोन टीम एकाच नियमाच्या असतील तर त्या दीड टीमएवढं काम करवतात, दोन वेगळ्या नियमांच्या असतील तर अडीच टीमएवढं. उदाहरण देतो. काइल श्वार्बरने 2023 ला 47 होम रन मारले पण अ‍ॅव्हरेज होतं .197 (हजारपैकी 197 वेळा हिट), म्हणजे अ‍ॅव्हरेज मोजणाऱ्या लीगमध्ये तो टीमला खाली ओढतो, आणि बेसवर पोचण्याची टक्केवारी मोजणाऱ्या लीगमध्ये तोच माणूस .343 चा, कारण त्याने 126 वॉक (चार वाईट बॉल पडले की मिळणारा फुकट बेस) घेतले. त्याच वर्षी लुइस अराएझ .354 ने खेळला आणि 10 होम रन, म्हणजे त्याची किंमत नेमकी उलटी. सेव्ह (आघाडी राखून मॅच संपवणं) मोजणारी लीग आणि सेव्ह-होल्ड (होल्ड म्हणजे त्याआधी आघाडी राखणं) दोन्ही मोजणारी लीग, एक कॅचर की दोन कॅचर, पॉइंट्स की रोटो, प्रत्येक फरकाला वेगळी यादी, वेगळा अभ्यास. रोटो म्हणजे ती 1980 मधली न्यूयॉर्कची मूळ पद्धत, डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी सुरू केलेली, त्यात सीझनभराची बेरीज चालते त्यामुळे एक आठवडा बुडाला तरी पुढे भरून काढता येतो. हेड-टू-हेडमध्ये बुडालेला आठवडा बुडालाच. म्हणून व्यस्त माणसाला मी रोटो सांगतो. शक्यतो सगळ्या टीम एकाच अ‍ॅपवरही ठेवा, याहूवर एक, ईएसपीएनवर एक, फॅनट्रॅक्सवर एक असं झालं की एक तरी नोटिफिकेशन हुकतंच.

पहिलंच वर्ष असेल तर एकच टीम घ्या, कितीही आग्रह झाला तरी. एका टीमवर पूर्ण जीव लावला की खेळ शिकता येतो, मे महिन्यात क्लोजर (मॅच संपवायला येणारे पिचर) कसे बदलतात, कोणाची फॉर्म खरी आणि कोणाची चार दिवसांची, हे एका टीमकडे रोज बघूनच कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुसरी. नोकरी आणि लहान मुलं असतील तर दोनच, हौस असेल तर वर बेस्ट बॉल. चार-पाच कोणी घ्याव्यात, तर ज्यांच्या सगळ्या लीग आठवड्याच्या आहेत, नियम जवळपास सारखे आहेत आणि रविवारची रात्र खरंच मोकळी आहे. त्यापुढे एक ना धड भाराभर चिंध्या.

कमी करायच्या असतील तर कोणती सोडायची? मी माणसं बघून ठरवतो. ज्या लीगमध्ये मित्र आहेत, जिथे ट्रेडवरून फोन येतो आणि अर्धा तास गप्पा होतात, ती ठेवायची. अनोळखी लोकांची, चॅटमध्ये कोणी बोलत नाही अशी लीग आधी सोडा. कीपर किंवा डायनेस्टी लीग असेल तर जपून, तिथे खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतात, मध्येच सोडलेली टीम घ्यायला नवा माणूस मिळत नाही, म्हणून पाच वर्षं टिकायची तयारी नसेल तर त्यात शिरूच नका.

आणि हे मला मनापासून सांगायचंय. जुलैमध्ये दहाव्या नंबरवर असलेली टीम वाऱ्यावर सोडून देणं हे बाकीच्या अकरा जणांवर अन्याय आहे. तुमच्या लाइनअपमध्ये तीन जखमी खेळाडू तसेच पडलेत, त्या आठवड्यात तुमच्याशी ज्याची गाठ पडली त्याला फुकट विजय मिळतो आणि ज्याने मे महिन्यात तुमच्या धडधाकट टीमशी झुंज दिली तो प्लेऑफबाहेर जातो. मी स्वतः एका वर्षी असाच एका मॅचने बाहेर राहिलोय आणि त्या आधीच्या वर्षी मी स्वतःच तशी टीम सोडली होती, त्यामुळे दोन्ही बाजू मला माहिती आहेत. वेळ मिळत नाहीये हे कळल्यावर लगेच कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) सांगा, एखादा मित्र को-मॅनेजर म्हणून जोडून घ्या, बऱ्याच अ‍ॅपवर ती सोय असते, आणि काहीच जमलं नाही तरी सोमवारी पाच मिनिटं काढून जखमी खेळाडू तरी बाजूला करा.

यंदाचं ठरवायला उशीर करू नका. कमिशनरला बारावा माणूस शोधायला वेळ लागतो, त्यामुळे नाही म्हणायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मेसेज टाका, दोन ओळींचा, कारण न सांगता सुद्धा चालतं, आणि शक्य असेल तर तुमच्या जागी कोण खेळू शकेल त्याचं नाव सोबत द्या.